गाठ न सोडता परत आलेली चादर

मी एक चादर आहे. अंथरायची नव्हे आणि पांघरायचीही नव्हे, पाठीवर बांधायची. पेरूच्या डोंगरांतल्या आमच्या पुकाकोचा गावात बाईच्या पाठीवर माझ्यासारखी एक तरी असतेच. तिच्यात पोर असतं, नाहीतर गवत, बटाटे, कधी दोन्ही बाजूंनी डोकी बाहेर काढलेल्या कोंबड्या. रिकाम्या पाठीची बाई आमच्याकडे एक तर आजारी असते, नाहीतर शहरातून आलेली असते.

आता मी जुनी झाले. कडा विरल्यात, मधली शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली आहे. म्हटलं, फाटून पोतेरं होण्याआधी एकदा बोलून घ्यावं. बोलण्यासारखं एकच आहे, आणि ते काही सुखाचं नाही.

मला विणलं फोर्तुनातानं. पहिलटकरीण होती तेव्हा. अंगणात चार खुंट्या ठोकून, त्यांच्यावर ताणे घालून ती सकाळपासून बसायची. लोकर तिच्याच मेंढ्यांची, सूत तिनंच चातीवर कातलेलं. माझा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांचा आहे, आणि तो पक्का बसावा म्हणून त्यात साठवलेलं शिळं मूत घालतात. हसू नका. तुमच्या दुकानातल्या चादरी दोन धुण्यांत फिक्या पडतात, मी अजून लाल आहे.

"अगं, पोट केवढं आलंय, वाकतेस कशी?" शेजारची बासिलिया विचारायची.

"आत्ताच वाकून घेते," फोर्तुनाता म्हणायची. "पोर झाल्यावर विणायला कोण देतंय."

मी खुंट्यांवरून उतरले आणि थोड्याच दिवसांत नेलिदा माझ्यात आली. पुढची दोन वर्षं ती माझ्यातच वाढली. शेतात, बाजारात, मेंढ्यांमागे, आईच्या पाठीच्या उबेत. तिचं डोकं माझ्या डाव्या काठाशी टेकलेलं असायचं. तिची लाळ, दूध, सगळं माझ्यात मुरलंय. म्हणून मी तिला माझी पोर म्हणते, कोणाला आवडो न आवडो.

नेलिदा चालायला लागली त्या हिवाळ्यात तिचा कान फुटला. डावा. पू वाहायचा आणि ती रात्ररात्र रडायची. दवाखाना खालच्या बाजाराच्या गावात, आणि वाट बर्फानं बंद. फोर्तुनातानं स्वतःचं दूध कानात घातलं, कोमट पाला बांधला, कोणी काय सांगेल ते केलं. पू थांबला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग एके दिवशी फोर्तुनाता चुलीपाशी बसली होती आणि नेलिदा तिच्याकडे डावी बाजू करून अंगणात खेळत होती. आईनं हाक मारली. पोर वळली नाही. पुन्हा मारली. मग फोर्तुनाता उठली, हळूच दुसऱ्या बाजूला गेली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नेली." पोर हसत वळली. फोर्तुनातानं दोन्ही बाजूंनी पुन्हा हाक मारून पाहिली. त्या रात्री नवऱ्याला, नासारियोला, तिनं सांगितलं. त्यानं झोपलेल्या पोरीवर पांघरूण ओढलं. नंतर म्हणाला, "गावात बोलू नकोस. पोरगी आहे." उद्या तिला कोण करून घेईल, ही त्याची काळजी.

नेलिदा शाळेत जायला लागली तेव्हा फोर्तुनातानं मला पोरीच्या स्वाधीन केलं. तिची वह्यापुस्तकं माझ्यात बांधली जायची, थंडी वाजली की ती मला सोडून अंगावर घ्यायची. अशी मी शाळेत गेले. मला वाचता येत नाही, पण फळ्यासमोर बसून किती वर्षं काढली ते मलाच ठाऊक.

तेव्हा शाळेत अबेलार्दो गुरुजी होते. म्हातारे, जाड भिंगांचा चष्मा, आणि खोकला. एकच गुरुजी, एकच खोली, सगळे वर्ग तिच्यातच. नेलिदाच्या पहिल्याच आठवड्यात फोर्तुनाता मला घेऊन त्यांच्याकडे गेली. माझ्यात उकडलेले नवे बटाटे, ताजं चीज आणि वाटलेली मिरची. गुरुजी शाळेला लागून असलेल्या खोलीत राहायचे. त्यांनी मला टेबलावर पसरलं, हात धुतले आणि बसले.

आमच्याकडे रीत अशी आहे. कोणाकडे मोठं काम असेल, मनातलं काही सांगायचं असेल, तर आधी खायला न्यायचं. समोरचा खातो. खाऊन होईपर्यंत पावसाच्या, मेंढ्यांच्या गप्पा. तो हात पुसतो, मग आपण बोलायचं. खाल्लेल्या माणसानं ऐकलंच पाहिजे. आणि न खाल्लेल्या माणसाला सांगणं म्हणजे भीक मागणं, नाहीतर हुकूम सोडणं. आमच्या बायांना दोन्ही येत नाही.

गुरुजींनी चार बटाटे खाल्ले, मिरचीनं डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, "हां, बोल पोरी."

"गुरुजी, माझ्या पोरीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कोणाला सांगू नका."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "माझाही एक कान रजेवर आहे. आमचं जमेल."

दुसऱ्या दिवसापासून नेलिदा पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. तिचा चांगला कान गुरुजींकडे. हाक मारण्याआधी ते पट्टीनं बाकावर एक टिचकी द्यायचे. वर्गात कोणाला कधी काही कळलं नाही. नेलिदा गणितात अशी पळायची की मोठ्या वर्गातली पोरं तिच्याकडे उत्तरं मागायला यायची. त्या पहिल्या दिवशी मी परत निघाले तेव्हा गुरुजींनी माझ्यात पाव ठेवले होते, गावाकडून आणलेले. चादर रिकामी परत देऊ नये, एवढं त्यांना कळत होतं.

गुरुजी निवृत्त झाले डिसेंबरात. शाळा बंद झाली, आणि मार्चमध्ये उघडली तेव्हा मारित्सा बाई आल्या. दोघांची गाठच पडली नाही. एक ट्रकमधून गेले, दुसऱ्या ट्रकमधून आल्या, आणि मधले महिने शाळेच्या दाराला कुलूप.

बाई तरुण होत्या, कुस्को शहरातल्या. आमची केचुआ भाषा बोलायच्या, आजीकडून शिकलेल्या. स्वच्छ, जरा पुस्तकी. आल्या आल्या त्यांनी वर्ग धुतला, फुटक्या काचा बदलून घेतल्या, भिंतीवर चित्रं लावली. मला त्या आवडल्या होत्या. आजही सांगते, मनानं वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला हे सांगायला सोपं गेलं असतं.

त्यांनी मुलांना उंचीनं बसवलं. नेलिदा उंच. ती गेली शेवटच्या बाकावर, उजव्या भिंतीशी. चांगला कान भिंतीला, आणि वर्गाकडे बहिरा.

नेलिदानं घरी येऊन आईला सांगितलं. फोर्तुनाता म्हणाली, "थांब. नवे बटाटे निघतायतच."

तिनं सर्वांत चांगले निवडले, जांभळ्या गराचे. पहाटे उठून चीज केलं. शाळा सुटल्यावर रिमझिम पावसात आम्ही बाईंच्या दाराशी उभ्या राहिलो. बाईंनी दार उघडलं, हसल्या, म्हणाल्या, "या. काय काम होतं?"

फोर्तुनाता गडबडली. काम आधी कोणी विचारतं का? "काही नाही बाई. नवे बटाटे आहेत. गरम आहेत तोवर खा."

"अहो, कशाला आणलंत? आम्हाला काही घेता येत नाही."

हे शिष्टाचाराचं 'नको' आहे असं फोर्तुनाताला वाटलं. पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात. तिनं मला टेबलावर ठेवलं, "खा हो, खा," म्हणाली, आणि आली निघून. नव्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसू नये, उद्या चादर न्यायला जाऊ आणि मग बोलू, असा तिचा विचार. माणसं याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतील. पण फोर्तुनाताचं भांडं चांगलं उघड्यावर, टेबलावर होतं. बाईंना ते दिसलं नाही.

मी रात्रभर त्या टेबलावर होते. बाई एकदा जवळ आल्या, वास घेतला, हात पुढे केला आणि मागे घेतला. मग पावाचा तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि झोपल्या. बटाटे माझ्यात गार झाले.

सकाळी वर्गात, सगळ्या मुलांसमोर, त्यांनी मला नेलिदाच्या हातात दिलं. "हे आईला परत दे. सांग, बाई आभारी आहेत, पण पुन्हा पाठवू नका." वागण्यात कुठे कठोरपणा नव्हता. उलट सगळ्यांना कळावं, बाई कोणाकडून काही घेत नाहीत, म्हणून त्यांनी मुद्दाम सगळ्यांसमोर दिलं.

फोर्तुनाता दाराशी चाती फिरवत बसली होती. नेलिदानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. माझी गाठ फोर्तुनातानं बांधली होती तशीच्या तशी होती. ती त्या गाठीकडे बघत राहिली.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. रिकामी चादर परत देणं आमच्याकडे असभ्यपणा. पण भरलेली, गाठ न सोडता परत देणं हे फक्त एकाच वेळी करतात. मुलाकडचे मुलीला मागणी घालायला येतात तेव्हा असंच गाठोडं आणतात. बापानं गाठ सोडली, खाल्लं, तर लग्न ठरलं. गाठोडं तसंच परत आलं तर नकार. त्यावर बोलणं नाही, विचारणं नाही, पुन्हा त्या दारी जाणं नाही. नासारियोची आई गाठोडं घेऊन आली होती तेव्हा फोर्तुनाताच्या बापानं दिवसभर ते तसंच ठेवलं होतं आणि ही चुलीमागे रडत बसली होती. संध्याकाळी त्यानं गाठ सोडली. तो दिवस ती आजही सांगते.

बासिलिया आली. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "गाठसुद्धा सोडली नाही? म्हणजे पोरगी नको म्हणाली की गं ती."

"हं."

"अगं, शहरातली आहे. तिला काय कळतंय? जा आणि सरळ तोंडानं सांग."

"ज्या बाईनं माझ्या हातचं खाल्लं नाही तिच्यापुढे पोरीचं व्यंग उघडं करू?" फोर्तुनाता म्हणाली. "उद्या चार लोकांत बोलून दाखवेल."

ते बटाटे घरात कोणी खाल्ले नाहीत. कुत्र्यानं खाल्ले.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत, पुन्हा शेवटच्या बाकावर. बाई शिकवायच्या चांगल्या. पण बोलता बोलता फिरायच्या, फळ्याकडे तोंड करून बोलायच्या. नेलिदा मान इतकी वळवायची की तिची मान दुखायची. "नेलिदा, तू सांग." नेलिदा गप्प. शेजारी बासिलियाची पोर रूत बसायची. ती कोपरानं ढोसायची. मग नेलिदा उठून म्हणायची, "हो."

"हो काय? सात नव्वे किती?"

"हो."

सगळा वर्ग हसायचा. सात नव्वे तिला झोपेतही येत होतं. पुढे पुढे पोरं तिला 'दगड' म्हणायला लागली, आणि तिनं मान वळवणंच सोडून दिलं. ती भिंतीकडे बघायची आणि माझ्या झालरीचे धागे एकेक करून ओढायची. माझी एक कड तिनं तशीच संपवली.

बाईंनी एकदा तिला मधल्या सुट्टीत जवळ घेतलं, समोर बसवलं. "तुला समजतं ना गं मी काय शिकवते?" समोरून बोललेलं तिला ऐकू आलं. "हो," ती म्हणाली. "मग उत्तर का देत नाहीस?" नेलिदानं खाली बघितलं. मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलू नये, असं आमच्याकडे शिकवतात. बाईंना वाटलं, हट्टी आहे. मी तिच्या खांद्यावर होते. मला तोंड असतं तर त्या दिवशी सगळं मिटलं असतं.

जूनमध्ये बाईंनी पालकांची सभा बोलावली. अंगणात पुरुष बाकांवर आणि बायका जमिनीवर, पाठीवर पोरं, हातात चात्या. मी फोर्तुनाताच्या पाठीवर. बाई उभ्या राहून बोलायला लागल्या: मुलांना वेळेवर पाठवा, नखं कापा, मेंढ्यांमागे धाडू नका. बोलता बोलता थांबल्या.

"बायांनो, इथे सभा चाललीय. सूत नंतर कातलं तर चालेल ना?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हात रिकामे ठेवून ऐकायचं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. चाती फिरते म्हणजे बाई ऐकतेय, चाती थांबली म्हणजे तिचा जीव दुसरीकडे गेला. पण सगळ्यांनी चात्या खाली ठेवल्या आणि त्यानंतर, मी पैजेवर सांगते, एकीनंही एक शब्द ऐकला नाही.

मग बाईंनी एकेका घराचं नाव घेतलं. फोर्तुनाताची पाळी आली. "तुमची नेलिदा वर्गात अजिबात लक्ष देत नाही. काही विचारलं तर नुसतं हो म्हणते. घरी तिच्याशी कोणी बोलतं की नाही?"

बाईंनी ते काळजीनं विचारलं होतं. आता मला कळतं. पण तेव्हा सगळ्या गावाच्या माना फोर्तुनाताकडे वळल्या. मागून कोणीतरी खुदकन हसलं. फोर्तुनाताची पाठ ताठ झाली, मला ती लाकडासारखी लागली.  नासारियो उठला, टोपी घातली आणि सभेतून निघून गेला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "नाव काढायचं नाही त्या शाळेचं."

"पोर हुशार आहे हो," फोर्तुनाता म्हणाली.

"असेल. ज्या घरातून गाठोडं परत आलं, त्या घरात लेक किती दिवस ठेवायची? रोज अपमान करून घ्यायला?"

नेलिदाची धर्ममाता एर्लिंदा कुस्कोत राहते. बाप्तिस्म्याला तिनंच पोरीला हातावर घेतलं होतं. ती बरेच दिवस मागे लागली होती, "पोरीला माझ्याकडे द्या, घरात मदत करेल, मी शाळेत घालेन." अशा किती पोरी गेल्या आणि किती शाळेत बसल्या ते गावाला ठाऊक होतं. फोर्तुनातालाही ठाऊक होतं. तरी ऑगस्टमध्ये एर्लिंदा आली तेव्हा तिनं जेवण मांडलं. एर्लिंदानं पोटभर खाल्लं, बोटं चाटली, आणि मग पोरीला मागितलं. रीत पुरी झाली होती. नाही कसं म्हणणार?

"तिच्या कानाचं..." फोर्तुनातानं सुरुवात केली.

"ठाऊक आहे गं मला. घरात काम करायला एक कान पुष्कळ झाला."

निघताना नेलिदानं आपले कपडे माझ्यात बांधले होते. एर्लिंदानं ते सोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले. "ही चादर ठेव इथेच. शहरात पाठीवर हे दिसलं की लोक हसतात." नेलिदानं मला घडी घालून खाटेवर ठेवलं, वरून एकदा हात फिरवला. मला फार राग आला होता, एर्लिंदाचा. नेलिदाचा नाही.

फोर्तुनाता मला खांद्यावर टाकून ट्रकपर्यंत गेली. ट्रक वळण घेऊन शाळेसमोरून खाली उतरला. अंगणात मुलांची कवायत चालली होती आणि मारित्सा बाई रस्त्याकडे पाठ करून टाळ्या वाजवत होत्या. नेलिदा ट्रकमध्ये उभी होती. शाळेकडे बघत होती की नाही ते आम्हाला वरून दिसलं नाही.

बाईंना वाटलं, पेरणीचे दिवस आहेत, पोर शेतावर असेल. त्यांनी काही दिवस वाट पाहिली. मग एकदा त्यांनी रूतला सांगितलं, "नेलिदाला शाळेची आठवण करून दे, गणितात मागे पडेल."

रूत म्हणाली, "तिला गणित येतं बाई. तिला तुमचं ऐकू येत नाही. या बाजूचा कान तिचा गेलाय. तुम्ही नेहमी तिकडूनच हाक मारायचात."

हे मला बाईंच्याच तोंडून कळलं, कारण त्याच दुपारी त्या धापा टाकत आमच्या घरी आल्या. डोंगर चढायची सवय नव्हती, ओठ निळे पडले होते. फोर्तुनातानं त्यांना बघितलं, आत गेली, मला आणून जमिनीवर पसरलं आणि मडक्यातले बटाटे माझ्यावर ओतले.

"बसा."

"नको, मी खाऊन..." बाई सवयीनं बोलायला लागल्या. फोर्तुनाताचा हात मडक्यावरच थांबला. बाईंनी तो हात पाहिला. मग त्या खाली बसल्या, एक बटाटा उचलला, सोलला आणि खाल्ला. मग दुसरा. फोर्तुनाता पावसाबद्दल बोलली. लांबलाय यंदा, म्हणाली. बाई हो म्हणाल्या. बाईंच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. मिरची वाढलेली नव्हती.

त्यांनी हात पुसले तेव्हा फोर्तुनाता सरळ बसली आणि बोलली. मार्चपासून ती वाक्यं तिच्या तोंडात तयार होती.

"बाई, माझी एक पोर आहे, नेलिदा. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तिला खिडकीकडे बसवा आणि उजवीकडून हाक मारा. ती हुशार आहे. कोणाला सांगू नका."

"मी बसवते तिला," बाई घाईनं म्हणाल्या. "उद्यापासून पहिल्या बाकावर. तुम्ही फक्त पाठवा."

"ती गेली कुस्कोला. धर्ममातेकडे, कामाला. तुम्हाला ठाऊक नाही? ट्रक शाळेसमोरूनच गेला."

बाईंनी दारातून खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला सांगायचं नाही का हो एकदा? एक शब्द तरी?"

"सांगायलाच आले होते मी. तुम्ही खाल्लं नाहीत."

मग बाईंनी सांगितलं. आधीच्या गावात एका बापानं त्यांना कोकरू आणून दिलं होतं. त्यांनी घेतलं. त्याचं पोर पास झालं आणि दुसऱ्यांनी बोंब केली की बाई गुण विकतात. चौकशी झाली, बदली झाली. तेव्हापासून कोणाच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती. "तुमच्या बटाट्यांचा वास आला होता," त्या म्हणाल्या. "रात्रभर भूक लागली होती मला."

नासारियो दारात उभा राहून ऐकत होता. "आता पाठवली ती पाठवली," तो म्हणाला. "धर्ममातेला वर्षाचा शब्द दिलाय." पण त्याचा आवाज सभेतून उठला होता तेव्हासारखा नव्हता.

"मी जाऊन बोलते तिच्याशी," बाई म्हणाल्या. कोणी नको म्हटलं नाही.

त्या कुस्कोला गेल्या, आणि सोमवारी परत वर आल्या. या वेळी न सांगता बसल्या, न सांगता खाल्लं. फोर्तुनातानं विचारलं नाही. बाईच बोलल्या.

दार नेलिदानंच उघडलं होतं. अंगात एप्रन, हात फुगलेले. बाई मुद्दाम उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, हळू बोलल्या. म्हणाल्या, चल, आता मला कळलंय, सगळं नीट करते. नेलिदानं सगळं ऐकून घेतलं.

"मग?" फोर्तुनातानं विचारलं.

"म्हणाली, नको बाई. इथे मला कोणी प्रश्न विचारत नाही. काम सांगतात, आणि कळलं नाही तर ओरडतात. ओरडलेलं मला ऐकू येतं."

फोर्तुनातानं चाती उचलली आणि फिरवायला लागली. धागा तुटला, तिनं तो जोडला, पुन्हा तुटला. मग विचारलं, "जाडजूड आहे का? की वाळलीय?"

"वाळलीय जरा," बाई म्हणाल्या. खोटं बोलता आलं असतं त्यांना.

यंदाच्या मार्चमध्ये शाळा उघडण्याआधी मारित्सा बाई घरोघर फिरल्या. प्रत्येक घरी बसल्या, जे पुढे आलं ते खाल्लं, पोट बिघडलं तरी खाल्लं, आणि हात पुसून विचारलं, "हां, बोला." कोण अजून अंथरुणात मुततं, कोणाच्या घरी बाप मारतो, कोणाला फळ्यावरचं दिसत नाही, सगळं त्यांना कळलं. सभेत बायका आता सूत काततात. बासिलिया म्हणते, "सोनं आहे गं बाई." खरं आहे. गावातल्या पोरांचं भलं झालं.

माझ्या पोरीचं झालं नाही. वर्षाचा शब्द संपला, तरी नेलिदा आली नाही. एर्लिंदा सांगते, तिला इथेच बरं वाटतं. नासारियो दोनदा जाऊन हात हलवत परत आला.

मी आता दारामागच्या खुंटीवर असते. मला पाठीवर घेऊन फोर्तुनाता बाजारात जात नाही, त्यासाठी तिनं नवी विणली. कधी संध्याकाळी मला काढते, नेलिदानं धागे ओढून संपवलेली कड बोटांनी चाचपते आणि पुन्हा टांगते. ती कड ती शिवून घेत नाही.

निरोप घेते. मी चादर, शहाणपण सांगणं माझं काम नव्हे. पण तुमच्या शाळेच्या दाराशी कोणाची आई काही घेऊन उभी असेल, आणि काय काम आहे विचारल्यावर 'काही नाही' म्हणत असेल, तर तिला तशी परत पाठवू नका. आत घ्या, बसवा, तिच्या हातचं काही खा. आणि बायांनो, समोरचीनं नाही खाल्लं, तरी बोलून टाका. रीत मोडली तर मोडू द्या. रीत पुन्हा विणता येते. पोरगी कुस्कोच्या त्या घरात रोज पहाटे उठते, आणि तिला हळू आवाजात हाक मारणारं तिथे कोणी नाही.